तुटक्या घळीपलीकडचा नर

माझ्या भाचीचा नवरा ब्रेकन तोंडात तंबाखू धरून बोलतो. खालच्या ओठाच्या आत चिमूट आणि हातात रिकामी प्लास्टिकची बाटली. दोन वाक्यं झाली की बाटलीत पिचकारी. ती बाटली तो जेवणाच्या टेबलावर ठेवतो. माझ्या बहिणीच्या, व्हर्लाच्या टेबलावर, उकडलेल्या बटाट्यांशेजारी. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, आता ही त्याला बाटलीसकट बाहेर काढणार. व्हर्लानं आयुष्यभर गावातल्या शाळेची बस चालवली. मागच्या बाकावर कोण काय चघळतंय हे तिला आरशात न बघता कळायचं. पण तिनं फक्त बटाटे उचलले आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवले.

"मॅरिनसाठी गप्प बसते रे, ऑर्लन," ती मला नंतर म्हणाली. मॅरिन म्हणजे तिची एकुलती एक. "लग्न होऊन वर्ष नाही झालं. आत्तापासून तोंड सोडलं तर ती यायची बंद होईल."

त्या वर्षी व्हर्लाला शिकारीच्या परवान्याचा टॅग लागला होता. आमच्या नेवाडात हरीण मारायचं तर सरकारी सोडतीत नाव निघावं लागतं. आमच्या डोंगरांवरची हरणं खेचरासारख्या मोठ्या कानांची, धिप्पाड. त्यातला एक नर, एका टॅगवर, ज्याच्या नावाचा टॅग त्यानंच मारायचा, आणि मारल्यावर तो जनावराला बांधायचा. चांगल्या भागाचा टॅग निघायला माणसं म्हातारी होतात. व्हर्ला झालीच होती. गुडघा गेलेला, पण डोळा शाबूत. चिठ्ठी आली तेव्हा ती अंगणात उभी राहून लहान पोरीसारखी हसली.

मग मॅरिनचा फोन. "मॉम, ब्रेकनला घेऊन जा ना बरोबर. त्याला वाटतं तुम्ही त्याला अजून परकाच समजता."

घेऊन जावं लागलं.

निघायच्या आदल्या दुपारी तो मॅरिनला घेऊन आला आणि व्हर्लाच्या टेबलावर फोन ठेवून बसला. फोनमध्ये डोंगरांचा नकाशा होता, त्यावर त्यानं रंगीत खुणा केलेल्या.

"मॉम, तुमची ती जुन्या खाणीसमोरची जागा सोडा. तिथून फार तर साडेतीनशे यार्ड. माझी बंदूक हजार यार्डांची आहे. ही बघा तुटकी घळ. आपण या काठावर झोपायचं, हरणं त्या काठाखाली. ना त्यांना वास, ना चाहूल. बसल्या जागी धाड!"

व्हर्लानं चष्मा लावून नकाशा पाहिला. तुटकी घळ आम्हा दोघांना ठाऊक होती. दोन्ही बाजूंना सरळ तुटलेले कडे, म्हणून ते नाव.

"आणि पडल्यावर?" तिनं विचारलं.

"पडल्यावर काय? जाऊन आणायचं."

"कुठून जाऊन?"

त्यानं बोटानं नकाशा वर सरकवला, खाली सरकवला. "असेल की वाट. मिळेल."

"वाट आहे," मी म्हणालो. "घळीच्या डोक्याला वळसा घालून. सकाळी निघालास तर संध्याकाळी पोचशील."

"मामा, तुम्ही फारच घाबरवता बुवा." बाटलीत पिचकारी.

व्हर्लानं चष्मा काढला. "हे बघ. लांबून मारायला माझी ना नाही. इथं सगळ्या उघड्या टेकड्या, जवळ जायला आडोसाच नाही, मीही लांबूनच मारत आले. पण जागा बघताना मी आधी पाय कुठून नेईन ते बघते, नेम नंतर. मधली दरी उथळ हवी, मला या गुडघ्यानं उतरता आली पाहिजे. जनावरामागं माती हवी, आभाळ नको. सकाळचा सूर्य माझ्या पाठीशी हवा. आणि वारा मधल्या मध्ये वेडा होणारा नको. तुझ्या घळीत वारा तीन तोंडांनी वाहतो. इथलं गवत हललं म्हणून तिथलं कळत नाही."

"त्यासाठी यंत्र आहे ना, मॉम."

"यंत्र इथला वारा सांगतं, जावईबापू. मधला नाही सांगत."

तो हसला आणि आम्हाला ऐकू जाईल इतक्या बेतानं मॅरिनला म्हणाला, "जुनी माणसं!"

पहिला दिवस आम्ही व्हर्लाच्या मनासारखा काढला. जुन्या खाणीसमोरच्या सोंडेवर पहाटेच जाऊन बसलो. समोरच्या उतारावर सेजची करडी झुडपं, वर अॅस्पेनच्या झाडांची पिवळी झालेली रांग. उजाडल्यावर माद्या आल्या, पिल्लं आली. व्हर्ला दुर्बीण लावून अशी बसली होती की जणू देवळात बसलीय. ब्रेकन शेजारी डब्यातलं ते उत्तेजक पेय पीत होता. डबा फोडताना असा आवाज केला की माद्यांनी कान फिरवले. मग त्यानं पुड्यातलं वाळवलेलं मांस काढलं आणि प्लास्टिक चुरगाळून सेजमध्ये फेकलं. व्हर्लानं वाकून ते उचललं आणि स्वतःच्या खिशात घातलं. त्यानं पाहिलं. पुढचा पुडाही तिथंच फेकला.

ऊन चढता चढता एक नर आला. शिंगं रुंद, अंग भरलेलं. व्हर्लानं गाल बंदुकीला लावला. तो सरळ वर चढत गेला आणि धारेवर जाऊन उभा राहिला, मागं नुसतं निळं आभाळ. व्हर्लानं बोट काढून घेतलं.

"मारा ना!" ब्रेकन जवळजवळ ओरडला. "मॉम, मारा!"

"मागं काय आहे?"

"काही नाही!"

"तेच सांगतेय."

धारेच्या पलीकडं मेंढपाळांचा तळ असतो. चुकलेली गोळी कुठं जाते ते कुणी बघायला जात नाही. नर एकदा मागं वळला आणि पलीकडं उतरला. ब्रेकन मग दिवसभर थुंकत राहिला, आता बाटलीतही नाही, सरळ जमिनीवर, व्हर्लाच्या बुटांपासून हातभर अंतरावर.

परतल्यावर त्यानं बायकोला फोन लावला. तिनं आईला लावला. मी चुलीपाशी उभा होतो, मला एकच बाजू ऐकू येत होती.

"हो. हो गं. ... नाही, मी त्याचा अपमान नाही केला. ... बरं. एक दिवस त्याच्या मनासारखं. एकच."

तिनं फोन ठेवला आणि माझ्याकडं पाहिलं. "काही बोलू नकोस."

मी चुलीवरची किटली उतरवली.

दुसऱ्या सकाळी तुटक्या घळीच्या काठावर पोचलो. पिकअप थेट काठापर्यंत जाते, हेच ब्रेकनला त्या जागेचं मोठं कौतुक. पाय हलवायला नको. त्यानं गोधडी अंथरली, दोन पायांच्या टेकूवर बंदूक ठेवली, शेजारी तिकाटण्यावर फोन लावला. त्याला चित्रफीत करायची होती. व्हर्लानं मारायचं, त्याच्या बंदुकीनं, आणि तो शेजारी झोपून अंतर सांगणार, असा त्याचा बेत. व्हर्लानं स्वतःची जुनी बंदूक गाडीतच ठेवली होती.

जागा दिसायला सुंदर होती, ते नाकारत नाही. समोरच्या कड्याखाली महोगनीच्या झुडपांची दाट पट्टी, ऊन नुकतंच तिला लागत होतं, आणि त्या पट्टीच्या कडेला तीन नर. एक तर आदल्या दिवशीच्याहून मोठा, मान जाड, चालताना डोकं खाली धरणारा. ते निवांत होते. मधल्या दरीत माणूस उतरू शकत नाही हे त्यांना आपल्याआधी कळलेलं असतं.

"सातशे साठ," ब्रेकन कुजबुजला. "या, मॉम. झोपा."

व्हर्ला ओणवी झाली, दुर्बिणीतून पाहिलं. दरीत धूळ वर चढत होती. आमच्या काठावर वारा डावीकडून, समोरच्या झुडपांची पानं उजवीकडून हलत होती. ती बराच वेळ बघत राहिली आणि मग सरळ झाली.

"नाही."

"काय नाही?"

"नाही म्हणजे नाही. बघून झालं. इथून मी मारत नाही. चला, खाणीकडं जाऊ, अजून वेळ आहे."

"मॉम, तो वर्षातला सगळ्यात मोठा—"

"असू दे मोठा. तुझ्या डोळ्यांत मावतोय ना? बघून घे." ती उठली. "मी जरा आडोशाला जाऊन येते. सामान आवर तोवर."

ती जुनिपरच्या झुडपामागं गेली. मी काठाच्या पुढच्या टोकावर होतो, दुर्बीण त्या मोठ्या नरावर. तो मान वर करून आमच्या बाजूला बघत होता. इतक्यात मागून बार झाला, कानाचे पडदे फाटले.

नराच्या पायांखाली धूळ उडाली.

"अरे थांब! काय करतोयस!" मी ओरडलो. तोवर दुसरी. हा आवाज वेगळा असतो. ओल्या चादरीवर काठी मारावी तसा दरीतून परत येतो. नर मधोमध वाकला, पाठीची कमान केली. पोटात लागली होती. ज्यानं ते एकदा पाहिलंय त्याला सांगावं लागत नाही. मी ब्रेकनकडं धावलो, पण तिसरी सुटली, आणि वळून दुर्बीण लावली तर नराच्या तोंडापाशी काहीतरी लोंबत होतं. तो लंगडत, मान वाकडी धरून, झुडपांत शिरला.

"लागली! लागली!" ब्रेकन फोनकडं बघून हात उंचावत होता. "सातशे साठ! बघितलंत मामा?"

व्हर्ला जुनिपरमागून आली. पँटचा पट्टा अजून अर्धवट लावलेला. तिनं विचारलं नाही काय झालं. तिनं दुर्बीण लावली आणि झुडपांची ती जागा शोधून, कडेला एक वाळलेलं खोड होतं, ते नीट ध्यानात धरलं.

"कुणाच्या टॅगवर मारलास?"

"तुमच्याच! आपण एकच आहोत ना, मॉम? घरातलेच. कोण बघतंय?"

"पोटात लागलीय त्याला. जबड्यातही."

"नाही हो, चुकली असेल ती शेवटची." त्यानं खाली दरीत पाहिलं, मग समोरच्या कड्याकडं, मग घळीच्या डोक्याकडं, जिथून वळसा घालावा लागणार होता. आता तिकडं कोण जाणार, हा विचार त्याच्या चेहऱ्यावर आलेला मी समोर पाहिला. "आणि बघा, खरं तर... लागलीच नसेल कदाचित. तो चालत गेला ना? दुसरे दोन आहेत अजून. टॅग तर तसाच आहे आपला."

व्हर्ला खाली बसली, गुडघा सांभाळत. तिनं त्याच्या बंदुकीचा बोल्ट, गोळी आत सरकवणारा दांडा, मागं ओढून आख्खा बाहेर काढला आणि स्वतःच्या खिशात घातला. कालच्या प्लास्टिकच्या पुड्यांशेजारी.

"ऑर्लन, माझी बंदूक घे. पाणी घे. चल," ती मला म्हणाली. मग त्याला: "तूही चल."

"मॉम, तिथं जायला—"

"माहीत आहे. मी सांगितलं होतं."

घळीच्या डोक्यापर्यंतचा रस्ता म्हणजे दगडच दगड. व्हर्ला दोन काठ्या टेकत चालत होती, ओठ आवळून. ब्रेकन मागं कुरकुरत होता. ऊन आहे, बूट नवे आहेत, रेंज नाही. पहिल्या घसरड्या उतारावर त्याचा पाय मुरगळला. असं तो म्हणाला. खाली बसून घोटा धरला, पण चुकीच्या पायाचा. मग लक्षात आलं तेव्हा दुसरा धरला.

"जा परत," व्हर्ला त्याच्याकडं न बघता म्हणाली.

तो परत गेला. उतारावरून जाताना बरा पळत होता.

आम्ही पोचलो तेव्हा ऊन कलतं झालं होतं. वाळकं खोड सापडलं. तिथून पुढं शोधायला रक्ताची गरज पडली नाही. डोमकावळे खालच्या फांद्यांवर येऊन बसले होते, वाट बघत. आणि वास. पोट फुटलं की जो वास येतो तो, आंबलेल्या हिरव्या चाऱ्याचा आणि विष्ठेचा, उन्हात तापलेला.

नर जिवंत होता.

झुडपात पुढच्या पायांवर पडून होता. खालचा जबडा तुटून एका बाजूला लोंबत होता, जीभ मातीत. त्या जिभेवर मुंग्या. पोटाच्या भोकातून आतड्याचा एक वेटोळा बाहेर आला होता आणि त्याला काड्या, पानं चिकटली होती. जनावर उठायचा प्रयत्न करताना ते मागं ओढलं गेलं होतं. हिरव्या माश्या. त्यानं आम्हाला पाहिलं आणि उठायचा पुन्हा प्रयत्न केला.

व्हर्लानं जवळ जाऊन एकाच गोळीत संपवलं.

मग तिनं सुरी काढली, बाह्या वर केल्या आणि पहिली चीर घातल्याबरोबर बाजूला वळून ओकली. बापानं हातात सुरी दिली तेव्हापासून ती हरणं साफ करतेय. तिला मी कधी ओकताना पाहिलं नव्हतं. तोंड पुसलं आणि पुन्हा बसली. आतलं सगळं एकमेकांत मिसळलं होतं, मागच्या फऱ्यांच्या आतल्या बाजूला हिरवा चोथा पसरलेला. दिवसभर त्या घाणीत भिजून मांस शिजल्यासारखं झालं होतं. पाठीच्या दोन पट्ट्या आणि एक पुढचा फरा तेवढा वाचला. बाकी हात लावला की सुटत होतं.

"शेवटची गोळी तुझी," मी म्हणालो. "टॅग लाव. कायद्यानं तुझाच धर. मॅरिनचं घर मोडायला नको."

ती सुरी सेजच्या पानांना पुसत होती. "कायद्याचं ठाऊक नाही. पण हा माझा नाही. माझ्या नावानं असलं काही घरी न्यायचं नाही मला."

"मग काय करणार?"

"जे आहे ते सांगणार."

मांस पाठीवर घेतलं, शिंगांसकट डोकं मी घेतलं, आणि विजेरीच्या उजेडात घळीच्या डोक्यावरून परतलो तेव्हा मध्यरात्र उलटली होती. व्हर्ला मधूनच थांबून गुडघा दाबायची. बोलली एकदाच. "सातशे साठ म्हणाला ना तो? अंतर बरोबर होतं त्याचं." आणि पुढं चालू लागली.

ब्रेकन पिकअपमध्ये बसला होता. काचा बंद, आत हीटर, गाणी. आम्हाला बघून उतरला. घोटा बरा झालेला. शिंगं दिसली तसा तो फुलला.

"आणलंत! मॉम, ग्रेट! आणा आणा, इकडं गाडीच्या दिव्यांचा उजेड आहे. फोटो काढू."

त्यानं माझ्या हातातून डोकं घेतलं. मी सोडलं, कारण धरून ठेवायलाही किळस आली होती. त्यानं ते काठावर दगडावर टेकवलं, फोन तिकाटण्यावर लावला, अंगठ्याला थुंकी लावून स्वतःच्या भुवया सारख्या केल्या. मग त्याला जबडा दिसला.

"ही बाजू नको. मामा, जरा वळवा ना. जीभ आत घाला." मी हललो नाही, तेव्हा त्यानं स्वतःच मेलेल्या जनावराची जीभ दोन बोटांनी तोंडात कोंबली, तुटका जबडा दगडानं वर टेकवला, बोटं पँटला पुसली, आणि त्याच बोटांनी तंबाखूची नवी चिमूट काढून ओठाखाली ठेवली. मग शिंगं धरून हसला.

व्हर्लानं फोटो काढू दिला. मला तेव्हा आश्चर्य वाटलं. तिला पुरावा हवा होता, ते नंतर कळलं.

सकाळी ती तालुक्याच्या गावी शिकारखात्याच्या अधिकाऱ्याकडं गेली. शिंगं, मांस, न लावलेला टॅग आणि बंदुकीचा बोल्ट त्याच्या टेबलावर ठेवला. फोटो आणि चित्रफीत तर तोवर सगळ्या जगाला दिसत होती. खाली ब्रेकननं लिहिलं होतं: एक गोळी, सातशे साठ यार्ड.

कोर्टात त्यानं इस्त्रीचा शर्ट घातला होता. न्यायाधीशाला म्हणाला, "सर, मी सासूबाईंसाठी केलं. या वयात त्यांच्याकडून होत नव्हतं. त्यांची इच्छा होती, मी पुरी केली." व्हर्ला मागच्या बाकावर बसून ऐकत होती. तिचे कान लाल झाले, एवढंच. त्याची बंदूक जप्त झाली, दंड झाला, काही वर्षं शिकारीला बंदी. व्हर्लाचा टॅग तिला परत मिळाला नाही. मोसमच संपला होता.

बाहेर पायऱ्यांवर मॅरिननं आईला गाठलं. डोळे सुजलेले.

"घरात झापलं असतंस त्याला. काय हवं ते बोलली असतीस. सरकारात कशाला जायचं होतं?"

"घरातच बोलले ना मी," व्हर्ला म्हणाली. "टेबलावर. नकाशा समोर होता. ऐकलं कुणी?"

"तो माझा नवरा आहे, मॉम."

"ठाऊक आहे गं. त्याचंच वाईट वाटतंय."

हे बोलायला नको होतं. मॅरिन गाडीत बसली आणि निघून गेली. नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाला आली नाही, नाताळलाही नाही. मार्चमध्ये एकदा एकटीच आली, अंगणात उभं राहून आईनं केलेला केक घेतला, आत आली नाही. आता महिन्यातून एकदा येते. त्याचं नाव दोघी काढत नाहीत.

मी रस्त्याच्या खात्यात ग्रेडर चालवतो, कच्चे रस्ते सपाट करायचं यंत्र. पुढच्या ऑक्टोबरात तुटक्या घळीकडच्या कच्च्या रस्त्याची तक्रार आली. पावसानं नाही, चाकांनी उखडलाय म्हणून. काठापर्यंत गेलो तर तिथं गाड्यांची रांग. गोधड्या, तिकाटणी, टेकूवरच्या बंदुका. जमिनीवर रिकाम्या पुंगळ्या, पेयांचे डबे, थुंकीचे डाग. समोरच्या उतारावर, महोगनीच्या पट्टीच्या कडेला, काहीतरी करडं पडलं होतं आणि त्याच्याभोवती डोमकावळे. इकडून कुणी तिकडं निघालं नव्हतं.

एक दाढीवाला माझ्याकडं आला, मोठा मनमिळाऊ. "रस्ता नीट करताय? छान! जागा भारी आहे बरं का. ही बघा, याच दगडावरून मारलाय त्यानं." त्यानं फोन पुढं केला. ब्रेकनची चित्रफीत, त्यानं स्वतःची पुसली होती, पण तोवर दुसऱ्यांनी उचलून ठेवलेली. पहिली आणि तिसरी गोळी कापून टाकलेली. "ओळखता का हो याला? तुमच्याच भागातला आहे म्हणतात."

"नाही," मी म्हणालो.

त्यानं हात पुढं केला. मी सवयीनं मिळवला. हात गरम होता, ओलसर, बोटांच्या पेरांत काहीतरी वाळलेलं. ग्रेडरमध्ये बसलो, रस्ता सपाट केला, कारण ते माझं काम आहे, आणि वाटेत ओढ्यापाशी थांबून हात वाळूनं घासून धुतला. घरी पोचल्यावर साबणानं पुन्हा धुतला. व्हर्ला फोन करत होती; त्या काठापर्यंतचा रस्ता मीच सपाट करून आलो हे तिला सांगवणार नव्हतं, म्हणून तसाच वाजू दिला.